एपीएस, परत परत होणारे गर्भपात आणि पोटातलं रोजचं इंजेक्शन: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

फाइलवर "एपीएलए पॉझिटिव्ह" (म्हणजे रक्तात अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी सापडल्या) लिहिलंय, हातात इकोस्प्रिन (कमी डोसचं ॲस्पिरिन) आणि हेपरिनच्या, म्हणजे रक्त लवकर गोठू न देणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनांची चिठ्ठी आहे, आणि डॉक्टरांनी पाच मिनिटांत जे सांगितलं त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, हीच ट्रीटमेंट घेऊन आई झालेली बाई आहे, त्यामुळे खाली जे डोसचे आकडे येतील ते समजून घ्यायला आहेत, स्वतःचा डोस स्वतः ठरवायला नाहीत. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. ज्या बाईला हे औषध खरंच लागतं तिला त्याचा खूप फायदा होतो, जिला लागत नाही तिला नुसता खर्च आणि पोटावर निळे डाग, म्हणून इंजेक्शन टोचायच्या आधी रिपोर्ट पक्का करा.

आजार काय आहे

पूर्ण नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, सगळे एपीएस म्हणतात. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मधे याचं वर्णन केलं म्हणून ह्यूज सिंड्रोम असंही नाव आहे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरातल्या काही प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते, त्यातलं मुख्य म्हणजे बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, आणि त्यामुळे रक्तात गुठळ्या व्हायची प्रवृत्ती वाढते. काहींना पायाच्या शिरेत गुठळी होते, काहींना कमी वयात स्ट्रोक येतो, आणि काहींना इतर काहीच त्रास नसतो, फक्त गर्भ टिकत नाही. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या बायकांमधे हे जास्त दिसतं पण ल्युपस नसतानाही होतं.

आधी असं समजायचे की वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि बाळाचं रक्त तुटतं, एवढंच. आता कळलंय की ते अर्धंच आहे, या अँटीबॉडी वारेच्या पेशींना थेट त्रास देतात, वार गर्भाशयाला नीट रुजू देत नाहीत, तिथे एक प्रकारची सूज चालू ठेवतात, आणि हेपरिन ही सूजसुद्धा कमी करतं असं दिसलंय. म्हणून सोनोग्राफीत कुठे गुठळी दिसत नसताना इंजेक्शन कशाला, या घरातल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या.

आणखी एक, सासूबाई किंवा आई म्हणणारच की रक्त पातळ झालं तर अंगात ताकद कशी राहणार. याचा हिमोग्लोबिनशी काहीही संबंध नाही, रक्त पाण्यासारखं होत नाही, फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. लोहाच्या गोळ्या वेगळ्या चालू राहतातच.

पहिली पायरी: रिपोर्ट पक्का करणं

तीन टेस्ट असतात आणि तिन्ही लागतात. ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आयजीजी आणि आयजीएम, आणि अँटी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आयजीजी आणि आयजीएम. यातली कुठलीही एक पॉझिटिव्ह आली तर कमीत कमी १२ आठवड्यांनी तीच टेस्ट परत करायची, आणि दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली तरच एपीएस म्हणायचं. हे बारा आठवडे फार जड जातात, मला माहितीये, वय पुढे चाललेलं असतं आणि प्रत्येक पाळी म्हणजे एक महिना गेला असं वाटतं, पण साध्या व्हायरल तापानंतरसुद्धा या अँटीबॉडी थोडे दिवस वर येऊन परत खाली जातात, म्हणून तो नियम आहे. मधल्या काळात दिवस राहिलेच तर डॉक्टर परिस्थिती बघून उपचार सुरू करू शकतात, तो निर्णय त्यांचा.

आकड्याकडे नीट बघा. लॅबची मर्यादा समजा १० असते आणि तुमचा आकडा १३ येतो, लाल ठळक अक्षरात येतो, आणि घरात रडारड सुरू होते. पण निदानाच्या निकषांत अँटीकार्डिओलिपिन मध्यम किंवा जास्त हवं, म्हणजे साधारण ४० युनिटच्या वर, किंवा निरोगी लोकांच्या ९९ टक्क्यांपेक्षा जास्त. १३ म्हणजे "नंतर परत बघू" असा आकडा आहे. शिवाय आपल्याकडे बऱ्याच लॅब "एपीएलए" नावाची एक वेगळीच टेस्ट करतात, ती वरच्या तिघींपैकी नाही, तेव्हा फक्त तेवढीच केली असेल तर बाकीच्या तीन करायच्या आहेत का ते विचारा.

तिन्हींमधे गरोदरपणासाठी सगळ्यात महत्त्वाची ल्युपस अँटीकोॲग्युलंट, आणि नेमकी तीच सगळ्यात नाजूक. निळ्या टोपणाच्या ट्यूबमधे रक्त घेतात, ट्यूब खुणेपर्यंत भरावी लागते, प्लाझ्मा दोनदा फिरवून वेगळा करावा लागतो. तालुक्याच्या गावात घरी येऊन सॅम्पल घेतलं, मग ते एसटीनं जिल्ह्याला गेलं, तिथून मुंबईला, अशा प्रवासात रिपोर्टचा काही भरवसा नाही. शक्य असेल तर जिथे टेस्ट होते त्याच लॅबमधे जाऊन रक्त द्या. हेपरिन किंवा ॲसिट्रॉम (वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर ही टेस्ट गडबडते, म्हणून ती औषधं सुरू व्हायच्या आधी करा, आणि काही चालू असेल तर लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा. आणि हो, या टेस्टचं वागणं उलटं आहे, लॅबच्या नळीत रक्त उशिरा गोठतं म्हणून एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढलेला दिसतो पण शरीरात मात्र गुठळ्या होतात, तेव्हा वाढलेला एपीटीटी बघून "तुमचं रक्त आधीच पातळ आहे, हेपरिन नको" असं कुणी म्हणालं तर घाबरून बंद करू नका, ज्यांनी सुरू केलंय त्यांना आधी फोन करा.

टेस्ट कुणी करायच्या? १० आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात, किंवा १० आठवड्यांनंतर नीट वाढ असलेलं बाळ एकदा जरी पोटात गेलं असेल, किंवा बीपी खूप वाढून किंवा वार नीट काम न करून ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल, असे निकष आहेत. आपल्याकडे बरेच डॉक्टर दोन गर्भपातांनंतरच तपासतात, त्यात काही वावगं नाही. सोबत थायरॉइड, शुगर, गर्भाशयाची रचना, आणि गरज वाटली तर नवरा-बायको दोघांचं क्रोमोसोम तपासणं. टॉर्च टेस्ट (काही ठरावीक जंतुसंसर्गांची रक्ततपासणी) मात्र आपल्याकडे उगाच सगळ्यांना करायला लावतात, वारंवार गर्भपाताचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही, ते पैसे वाचवा.

दुसरी पायरी: हे औषध आपल्याला आहे का

एपीएसमधे ॲस्पिरिन आणि हेपरिन एकत्र का देतात याचा मोठा आधार लंडनमधला १९९७ चा अभ्यास. ९० बायका होत्या, नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत बाळ झालं आणि ॲस्पिरिन अधिक हेपरिनवर ७१ टक्के जणींना. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक आला नाही हेही खरं, पण आजही जगभर हीच जोडी पहिली ट्रीटमेंट आहे.

आता दुसरी बाजू. गुठळीचे आनुवंशिक दोष असतात, फॅक्टर फाइव्ह लायडेन वगैरे, ते आणि एपीएस वेगळं. असे दोष आणि दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या ३२६ बायकांवर एक मोठा अभ्यास २०२३ मधे छापून आला, त्यात हेपरिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोघींमधे जिवंत बाळ होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच, ७१-७२ टक्के. म्हणजे हेपरिननं काही फरक पडला नाही. "एमटीएचएफआर पॉझिटिव्ह" (एका जनुकातला बदल) हे तर बऱ्याच निरोगी लोकांत सापडतं. आणि कारण न सापडलेल्या गर्भपातांमधेही हेपरिनचा फायदा दिसलेला नाही. तरी आपल्याकडे "करून बघू, नुकसान तर नाही" म्हणून सर्रास देतात, माझं स्पष्ट मत आहे की हे बरोबर नाही, रोज सुई टोचून घेणाऱ्या बाईला ती कशासाठी हे कळायलाच पाहिजे. डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या कुठल्या रिपोर्टवरून हे देताय?

स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर एकदा तरी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (ल्युपस, संधिवात अशा आजारांचे डॉक्टर) किंवा हिमॅटॉलॉजिस्टला (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) दाखवा. पुण्या-मुंबईत, नागपुरात ते मिळतात. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्थाही आहे. लहान गावात असाल तर एकदा जाऊन लेखी प्लॅन घेऊन यायचा आणि त्यावर गावातल्या डॉक्टरांनी चालवायचं, हे बऱ्याच जणी करतात आणि छान चालतं.

तिसरी पायरी: दिवस राहायच्या आधीची तयारी

बहुतेक डॉक्टर ॲस्पिरिन आधीपासूनच सुरू करतात, रोज एक, ७५ मिलिग्रॅम, जेवणानंतर. ही छोटी गोळी वेगळी आणि डोकेदुखीची डिस्प्रिन वेगळी, तिच्यात कितीतरी पट जास्त ॲस्पिरिन असतं, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. फॉलिक ॲसिड चालूच. बीपी, थायरॉइड, शुगर ताब्यात. मिश्री लावत असाल तर सोडा, तंबाखू तोंडातून गेली काय आणि धुरातून गेली काय, रक्तवाहिन्यांना सारखंच.

आधी कधी गुठळी होऊन गेली असेल आणि ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ही औषधं सहा ते बारा आठवड्यांच्या काळात बाळाच्या घडणीवर परिणाम करतात, म्हणून सहा आठवडे पूर्ण व्हायच्या आत हेपरिनवर यायचं असतं. म्हणजे पाळी चुकल्यावर "बघू पुढच्या आठवड्यात" चालणार नाही, टेस्ट लगेच. रिव्हारॉक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, आणि तिन्ही टेस्ट पॉझिटिव्ह असलेल्या एपीएसमधे तर एरवीही टाळतात. पण आपलं आपण काही बंद करू नका, गुठळी झालेल्या बाईनं मधेच औषध सोडणं जास्त धोक्याचं, बदल कसा आणि कुठल्या दिवशी ते आधीच लिहून घ्या. तुमचा हेपरिनचा डोसही वेगळा असतो, वजनानुसार आणि बहुतेक वेळा दिवसातून दोनदा.

ल्युपस असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवतात, ते गरोदरपणात चालतं. आजार किमान सहा महिने शांत असल्याशिवाय चान्स घेऊ नका.

मेडिकलवाल्याला आधी विचारून ठेवा. छोट्या गावात एनोक्सापॅरिन (हेपरिनच्या जातीतलं, गरोदरपणात नेहमी देतात ते इंजेक्शन) लगेच मिळेलच असं नाही, आणि टेस्ट पॉझिटिव्ह येते ती नेमकी रविवारी संध्याकाळी. डॉक्टरांनी चिठ्ठी आधी दिली तर तीन-चार सिरिंज घरात आणून ठेवा.

चौथी पायरी: इंजेक्शन सुरू

घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या की डॉक्टरांना फोन. काही जण त्याच दिवसापासून सुरू करतात, काही सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसल्यावर, तुमच्या डॉक्टरांचं काय ते आधीच ठरलेलं असू द्या म्हणजे त्या दिवशी धावपळ नको.

फक्त गर्भपाताचा इतिहास असेल, गुठळी कधी झाली नसेल, तर नेहमीचा डोस एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, साधारण ५० ते ९० किलो वजनासाठी, त्याच्या वर-खाली वजन असेल तर बदलतो. भरलेली सिरिंज येते, ४० मिलिग्रॅम म्हणजे ०.४ मिली. दुकानात दुसऱ्या नावाचं दिलं तर आत एनोक्सापॅरिनच आहे ना ते वाचा. डाल्टेपॅरिन हे त्याच जातीतलं पण वेगळं औषध आहे, त्याचा डोस मिलिग्रॅममधे नसतो तर युनिटमधे असतो, परस्पर अदलाबदल करायची नाही.

टोचायचं कसं, पहिल्यांदा नर्सकडून समोर शिकून घ्याच, पण नंतर घरी गोंधळ होतो म्हणून लिहिते. साबणानं हात धुवा. आरामात मागे टेकून बसा म्हणजे पोट सैल पडतं. बेंबीपासून चार बोटं सोडून बाजूची जागा घ्या, आज डावी बाजू, उद्या उजवी, जुन्या टाक्यांच्या व्रणावर नको, निळा डाग असेल तिथे नको. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, ओल्यावर टोचलं की झोंबतं. सिरिंजमधे हवेचा एक बुडबुडा असतो, तो काढायचा नाही, पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर तसाच राहू द्यायचा, काढायला गेलात की औषधही थेंबभर जातं. अंगठा आणि बोटानं कातडीची जाडसर वळी धरा, सुई सरळ उभी, पूर्ण आत, मग दट्ट्या हळूहळू दाबा, अगदी सावकाश, घाई केली की आग जास्त होते. सुई सरळ बाहेर काढा आणि मगच वळी सोडा. त्या जागी चोळायचं नाही! आपल्याला लहानपणापासून इंजेक्शननंतर चोळायची सवय आहे आणि इथे नेमकं तेच केलं की मोठा निळा-काळा डाग पडतो. नुसतं कापसानं धरून ठेवा.

डाग तरी पडतातच, माझं पोट म्हणजे जगाचा नकाशा झालं होतं. छोटे डाग ठीक आहेत. गाठ वाढत चालली, लाल होऊन गरम लागली, सगळीकडे खाज किंवा पुरळ आलं तर दाखवा.

सगळ्यांच्या मनात येणारी भीती, बाळाला सुई लागेल का. नाही. सुई जेमतेम अर्ध्या इंचाची, ती कातडीखालच्या चरबीतच राहते, मधे पोटाचे स्नायू, मग गर्भाशयाची जाड भिंत, मग पाणी. आणि हेपरिन वारेतून बाळाकडे जातच नाही, म्हणून तर गरोदरपणात हेच निवडतात. शेवटच्या महिन्यांत पोट ताणलं जातं आणि वळी धरता येत नाही, तेव्हा कमरेकडच्या बाजूला किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेता येतं.

वेळ एकच ठेवा. माझ्या मते रात्रीची बरी, दिवसभराची धावपळ संपलेली असते. डोस विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर गेलेला सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. नवऱ्याला टोचायला शिकवा, अगदी तुम्ही स्वतः घेणार असलात तरी, एखाद्या रात्री उलट्यांनी बेजार असता आणि हात थरथरतो. शिवाय त्यालाही काहीतरी करायला मिळतं, या सगळ्यात बाप लोक नुसते रिपोर्टची पिशवी धरून उभे असतात.

काही घरांत प्रश्न येतो म्हणून सांगते, एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होतं. धार्मिक कारणानं किंवा शाकाहारी म्हणून अडचण वाटत असेल तर लाजू नका, डॉक्टरांशी बोला, फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषध आहे पण गरोदरपणात त्याचा अनुभव कमी आहे, त्यामुळे निर्णय विचार करून घ्यावा लागतो.

खर्चाचं. सहाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढचे सहा आठवडे धरले तर अडीचशेच्या वर इंजेक्शनं होतात. एनोक्सापॅरिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे त्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा असते, तरी कंपनीप्रमाणे फरक पडतो. जनऔषधी केंद्रात विचारा, घाऊक दुकानात विचारा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधे नाव घातलं असेल तर तिथेही विचारा. एकदम सगळ्या महिन्यांचं आणून ठेवू नका, डोस बदलू शकतो.

साठवण सोपी आहे, खोक्यावरचं तापमान बघा, फ्रीजरमधे कधीही नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बाटली भरली की हॉस्पिटलमधे किंवा लॅबमधे द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात ती सुई जाते.

पाचवी पायरी: मधले महिने

प्लेटलेट काउंट सुरुवातीच्या काही आठवड्यांत बघतात कारण क्वचित हेपरिनमुळे प्लेटलेट पडतात. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व न चुकता, हेपरिन बरेच महिने चालतं आणि हाडांना ते लागतं. प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवीतलं प्रोटीन, कारण एपीएसमधे बीपी वाढण्याची शक्यता जास्त असते. २० ते २४ आठवड्यांच्या सुमारास गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, आणि साधारण २८ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी. ल्युपस किंवा शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा तसलाच आजार) असेल तर अँटी-रो नावाच्या अँटीबॉडीची टेस्ट झालीये का ते विचारा, पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर वेगळी नजर ठेवतात.

डोकं दुखलं, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. काँबिफ्लाममधे आयब्युप्रोफेन असतं, ते नको, डायक्लोफेनॅक नको. कुठलंही कंबरेतलं किंवा दंडातलं इंजेक्शन घ्यायच्या आधी, प्रोजेस्टेरॉन असो की धनुर्वाताचं, सिस्टरला सांगा की हेपरिन चालू आहे, खोल स्नायूत टोचलं की रक्त साकळू शकतं. दात काढायचा असेल तर डेंटिस्टलाही.

खाण्याबद्दल भरपूर सल्ले मिळतात. पालेभाजीचं पथ्य ॲसिट्रॉम-वॉरफरिनवाल्यांचं आहे, हेपरिनवर मेथी-पालक बिनधास्त खा. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, हळदीचे अर्क मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, फोडणीतल्या लसणा-हळदीबद्दल बोलत नाहीये मी.

आणि बेड रेस्ट. गर्भपात झालेल्या बाईला दिवस राहिले की आपल्याकडे पहिला हुकूम हाच, पलंगावरून उतरायचं नाही, उशाला लोड नको पायाला लोड, संडासलाही कुणीतरी धरून नेणार. पडून राहिल्यानं गर्भपात टळतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि एपीएसमधे सतत पडून राहणं म्हणजे पायात गुठळी व्हायला आमंत्रण. डॉक्टरांनी खास कारणानं सांगितलं नसेल तर चाला, घरातलं हलकं काम करा, पाणी भरपूर प्या. कडक निर्जळी उपास या नऊ महिन्यांत सोडा.

थोडं ब्लीडिंग दिसलं तर स्वतःच्या मनानं इंजेक्शन बंद करू नका, फोन करा, सोनोग्राफीत वारेजवळ रक्त साकळलेलं दिसलं तर काही दिवस थांबवायचं की चालू ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, जबरदस्त डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल कमी, जास्त ब्लीडिंग, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते.

सहावी पायरी: माहेर आणि बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी निघाली, हे इथे जरा विचार करून. माहेरच्या गावात रक्तपेढी, नवजात बाळांचा आयसीयू आणि एपीएस हाताळलेले डॉक्टर आहेत का? नसतील तर आईलाच आपल्याकडे बोलवा. जायचंच असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यात एकदा जाऊन नाव घालून या, फाइलची पूर्ण झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र त्यांच्याकडे ठेवा. प्रवासात इंजेक्शनं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, आणि लांबच्या प्रवासात दर तासा-दोन तासांनी उतरून चाला.

बाळंतपण शक्यतो ठरवून करतात. पाठीतलं भूल देण्याचं इंजेक्शन देण्याआधी ४० मिलिग्रॅमच्या डोसनंतर किमान १२ तास जावे लागतात, मोठा डोस असेल तर २४ तास, नाहीतर मणक्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून शेवटच्या महिन्यात प्रत्येक इंजेक्शनची वेळ मोबाइलमधे लिहून ठेवा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतात. त्यांना आधीच एकदा भेटून या. अचानक कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी हॉस्पिटल. ॲस्पिरिन ३६ आठवड्यांनंतर कधी बंद करायचं यात डॉक्टरांची पद्धत वेगवेगळी असते, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

एवढं सगळं करूनही गर्भ गेला तर? काही जणींचं जातं, वरचे टक्केच सांगतात. त्या वेळी कुणाला सुचत नाही पण जमलं तर गर्भाचा नमुना क्रोमोसोम तपासणीला पाठवा, तो फॉर्मलिनमधे घालू नका असं आधीच सांगा, कारण औषध फसलं, का तो गर्भ मुळातच क्रोमोसोमच्या दोषामुळे टिकणारा नव्हता, हे कळलं तर पुढचा प्लॅन बदलतो. दोष नसेल तर पुढच्या वेळी हेपरिनचा डोस, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वगैरे पर्याय डॉक्टर बघतात. इंजेक्शन नीट टोचलं नाही म्हणून झालं का, त्या दिवशी जिना चढले म्हणून झालं का, असलं काही मनात आणू नका, आणि दुसरं कुणी म्हणालं तर त्याला गप्प करा.

सातवी पायरी: बाळ झाल्यावर

बाळ हातात आलं की सगळ्यांना वाटतं सुटलो. पण गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. ब्लीडिंग आटोक्यात आहे बघून काही तासांनी हेपरिन परत सुरू करतात आणि सहा आठवडे चालतं, म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर दोन-चार दिवस. अंगावर पाजताना ते चालतं. गुठळीवाल्यांना परत वॉरफरिनवर नेतात, पाजताना तेही चालतं. डिंकाचे लाडू खा, हळिवाची खीर खा, शेक घ्या, पण सव्वा महिना खाटेवरून खाली पाय नाही ही पद्धत तुमच्यासाठी नाही, दुसऱ्या दिवसापासून घरात फेऱ्या मारा, सिझर असलं तरी.

पुढचं गर्भनिरोधक ठरवताना एपीएस आहे हे सांगाच. माला-एन, माला-डी आणि बाकीच्या नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, ते गुठळीचा धोका वाढवतं, त्या तुमच्यासाठी नाहीत. कॉपर-टी चालते, इतर पर्याय डॉक्टर सांगतील. आणि गौरी-गणपतीला किंवा घरच्या लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणतात ना, त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमधे बदलतो, तेव्हा पूजेला दुसरं कुणी बसेल पण ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.